शासनाचा विरोध नाही

राज्याचा महाधिवक्ता हा राज्याचा विवेक असतो. मुख्यमंत्री हा चेहरा, पोलीस हा हात, खजिना हे पोट; पण हे बरोबर आणि हे चूक, असं राज्याच्या कानात सांगण्याचा अधिकार घटनेने एकाच माणसाला दिला आहे, आणि तो म्हणजे महाधिवक्ता.

हे वाक्य धुळ्याच्या वकील कक्षात वरचेवर ऐकू येई. ऐकणारे त्या वेळी दुपारची शेवभाजी कुठून मागवायची यावर बोलत असत, आणि राज्याचा विवेक ‘तर्री वेगळी की एकत्र’ या मुद्द्यापाशी मागे पडे. शिवाय वाक्य म्हणणारे ॲड. ज्ञानेश्वर ऊर्फ भाऊसाहेब चौधरी हे काही महाधिवक्ता नव्हते. ते जिल्हा सरकारी वकील होते. कोणी तहसीलदाराविरुद्ध, रस्त्याविरुद्ध किंवा धरणाविरुद्ध दावा लावला, की सरकारच्या बाजूने उठायचं आणि ‘मजकूर खोटा व नाकबूल’ म्हणायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं होतं, की घरी बायकोने, कोकिळाबाईंनी, ‘भाजीत मीठ जास्त झालं का?’ असं विचारलं तरी ते आधी नाकबूल करत आणि मग चव घेत.

महाधिवक्त्याचा इतिहास भाऊसाहेबांना तोंडपाठ होता. कंपनी सरकारच्या काळात हा माणूस विलायतेहून बोटीने मुंबईला यायचा, उकाड्याला शिव्या द्यायचा आणि कंपनीची बाजू मांडायचा. पुढे कंपनी गेली, राणी आली. बाजू मांडणारा राहिला. मग पस्तीसच्या कायद्याने प्रांताप्रांताला एकेक नेमून दिला. मग घटनेच्या एकशे पासष्टाव्या कलमाने त्याला राज्यपालांच्या मर्जीवर बसवला.

‘‘आणि गंमत बघा,’’ भाऊसाहेब बोट वर करत, ‘‘महाधिवक्ता विधानसभेत जाऊन बोलू शकतो, पण मत देऊ शकत नाही. आवाज आहे, मत नाही!’’

‘‘असा एक माणूस आमच्याही घरात आहे,’’ एखादा विवाहित वकील म्हणे, आणि शेवभाजी येई.

भाऊसाहेबांचा सगळ्यात आवडता भाग त्यानंतरचा असे, तेव्हा ऐकायला कोणी उरलेलं नसे. सरकार पडलं की महाधिवक्ता राजीनामा देतो. तसं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ‘‘लिहिलेलं नाही म्हणून तर मोठं,’’ ते म्हणत. हे म्हणताना त्यांचा आवाज जरासा ओला व्हायचा. आपल्यालाही एक दिवस मुंबईहून बोलावणं येईल, अशी त्यांची खात्री होती. बोलावणं नेमकं कोण धाडेल, हे ठरलेलं नव्हतं. कक्षातले लोक त्यांना ‘महाधिवक्ते’ म्हणूनच हाक मारत. त्यातली थट्टा भाऊसाहेबांना कळत होती. फक्त ती काही वर्षं लवकर सुरू झाली आहे, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

तर अशा माणसाकडे त्यांची मोठी बहीण भिकुबाई आली.

चौधरींचं मूळ गाव यावलकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. अक्का लग्न होऊन शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला गेली आणि तिची बोली, तिचा स्वयंपाक, सगळं तिकडचं झालं. ज्ञानेश्वर जळगावला कायदा शिकत होता तेव्हा ती एसटीच्या ड्रायव्हरबरोबर त्याला डबा पाठवायची. कळण्याची भाकरी आणि भरीत. डबा धुऊन परत पाठवायची जबाबदारी ज्ञानेश्वरची होती आणि तो न धुता पाठवायचा. आई-वडील गेल्यावर धुळ्याचं त्याचं घर हेच तिचं माहेर झालं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ स्वतः मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला जाई. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. ते आलं नाही तर बाई उंबऱ्यातच बसून राहते. अक्काचे केस पांढरे झाले, तरी भाऊसाहेब काळा कोट घरी ठेवून, टोपी घालून मुऱ्हाळी म्हणून जात. त्यांच्या जिल्हाभरच्या फेऱ्यांत एवढीच एक सरकारी खर्चाने होत नसे.

अक्काचा नवरा दारूत गेला. ते सगळ्या गावासमोर, सावकाश झालं. मुलगा कुंदन तेव्हा शाळेत होता. त्याने दारू कधी शिवली नाही. लग्नाच्या वरातीत बाटली फिरायला लागली की तो बँडवाल्यांचे जोडे राखत बसायचा. मोठा झाल्यावर तो जवळच्या एका लहान धरणावर रोजंदारीवर लागला. खात्याचं नाव इथे सांगत नाही. सांगून खात्याला काही फरक पडणार नाही.

एका पावसाळ्यात, संध्याकाळी, धरणाच्या दारात बाभळीचा ओंडका अडकला. साहेबांचा फोन आला. कुंदन दोर बांधून खाली उतरला. दोर वर आला. कुंदन दोन गावं खाली सापडला.

चौकशी झाली. चौकशीत साहेब म्हणाले, फोन केलाच नव्हता. अहवालात एक वाक्य आलं: ‘मयत हा मद्यप्राशनाच्या अवस्थेत, कोणाच्याही सूचनेशिवाय, स्वेच्छेने पाण्यात उतरला.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. गावात ते एका दुपारीत पोचलं. ‘बापावर गेला,’ असं लोक म्हणाले, आणि तेही अगदी हळहळून, म्हणजे भांडताही येऊ नये असं.

‘‘ज्ञाना,’’ अक्का भावाच्या ओसरीवर बसून म्हणाली, ‘‘माले पैसा नको. ते एक वाक्य काढी टाक.’’

‘‘अक्का, भरपाईचा वेगळा दावा—’’

‘‘माले पैसा नको म्हन्तं ना. मना कुंदननी कधी दारूले हात लावा नही. बठ्ठा गावले माहीत शे. मंग सरकारले काबर माहीत नही?’’

सरकारला काय माहीत असतं आणि काय नसतं, यावर भाऊसाहेब व्याख्यान देऊ शकले असते. पण त्यांनी पहिल्यांदाच इतिहास गिळला आणि म्हणाले, ‘‘मी शे ना.’’

या तीन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

ते वाक्य खोटं ठरवून मिळावं, एवढाच दावा अक्काने लावला. दावा सरकारवर, म्हणजे समोरून उभे राहणार भाऊसाहेबच. रीत अशी, की नातेवाइकाच्या प्रकरणातून वकिलाने बाजूला व्हावं. पण भाऊसाहेबांनी हिशेब वेगळा केला. आपण बाजूला झालो तर दुसरा कोणी उभा राहील आणि तो विरोध करेल. आपणच राहिलो तर युक्तिवादाच्या दिवशी उठून एक वाक्य बोलता येईल: शासनाचा या दाव्याला विरोध नाही. महाधिवक्ता काही दावे जिंकायला नसतो, तो न्यायाला मदत करायला असतो. ते वाक्य त्यांनी दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘विरोध’वर जोर द्यावा की ‘नाही’वर, एवढंच ठरायचं होतं. तोवर रिवाज म्हणून नेहमीची ‘मजकूर खोटा व नाकबूल’ अशी कैफियत त्यांनी दाखल करून ठेवली. दोघांची आडनावं वेगळी असल्याने नातं कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं त्यांना भाऊसाहेबांकडून चहा मिळत होता.

अक्कासाठी त्यांनीच एक नवखा वकील पाहून दिला. जितेंद्र त्याचं नाव. पोरगा मन लावून काम करणारा होता, हीच एक अडचण होती.

‘‘सर,’’ तो एकदा जिन्यात गाठून म्हणाला, ‘‘हिलाल नावाचा माणूस आहे. त्या संध्याकाळी कुंदनबरोबर तोच होता. साहेबांचा फोन त्यानेच ऐकला. त्याची साक्ष घेऊ का?’’

‘‘कशाला? तो अजून रोजंदारीवर आहे. साक्ष दिली की दुसऱ्या दिवशी घरी बसेल. त्याला पोरंबाळं आहेत.’’

‘‘पण सर, मग आपल्याकडे पुरावा—’’

‘‘जितेंद्र, शासन विरोध करणार नाही. विरोध नाही तिथे पुरावा कशाला लागतो? सूर्य उगवला हे सिद्ध करायला तू साक्षीदार आणतोस का?’’

जितेंद्रने मान डोलावली. धुळ्याच्या उन्हात ते उदाहरण पटण्यासारखं होतं.

म्हणून साक्ष एकट्या अक्काची झाली. ती पिंजऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन, आणि जे सांगायचं ते सांगून तिने भावाकडे पाहिलं. भाऊसाहेब उठले, न्यायाधीशांना वाकून म्हणाले, ‘‘उलटतपास नाही,’’ आणि बसले. अक्काने ते गावभर सांगितलं. ‘‘मना भाऊनी माले एक बी सवाल इचारा नही! सरकारना वकील शे, पन एक बी सवाल नही!’’ नळावर बायका गप्प झाल्या. ‘बापावर गेला’ म्हणणाऱ्यांनी आवाज थोडा खाली आणला. त्या आखाजीला ती धुळ्याला आली तेव्हा अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली. कुंदन गेल्यापासून ती झोक्यावर बसली नव्हती. कोकिळाबाईंनी मागून हळूच झोका दिला आणि आत जाऊन डोळे पुसले. भाऊसाहेब गौराईची गाणी ऐकत आतल्या खोलीत घटना वाचत होते.

खात्याकडून लेखी संमती घ्यावी म्हणून त्यांनी पत्र पाठवलं. उत्तर आलं, की बाब विचाराधीन आहे. स्मरणपत्र पाठवलं. बाब अधिकच विचाराधीन झाली. शेवटी भाऊसाहेबांनी ठरवलं, की तोंडीच सांगून टाकायचं, स्वतःच्या जबाबदारीवर. युक्तिवादाची तारीख सोमवारची लागली.

आधीच्या गुरुवारी सरकार पडलं.

वकील कक्षातल्या टीव्हीवर ते दुपारभर पडत होतं. कोणता आमदार कोणत्या हॉटेलात आहे आणि तिथे नाश्त्याला काय असतं, यावर जाणकार बोलत होते. भाऊसाहेब एकटे उभे होते. राज्यपालांकडे राजीनामा पोचल्याची पट्टी पडद्याखालून सरकली, तशी त्यांनी कोटाची बटणं लावली आणि टंकलेखकाच्या टेबलाकडे गेले.

‘‘काय महाधिवक्ते, कुठे निघाले?’’

‘‘राजीनामा द्यायला.’’

कक्षात पहिल्यांदाच सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग कोणीतरी हसलं, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

घरी कोकिळाबाईंनी बातमी ऐकली आणि पोळी तव्यावरच राहू दिली.

‘‘सरकार मुंबईत पडलं. तुम्ही धुळ्यात कशाला पडताय?’’

‘‘प्रघात आहे.’’

‘‘प्रघात त्या मोठ्या साहेबाचा. तुम्हाला कोणी विचारलं?’’

‘‘न विचारता देतात, त्यालाच प्रघात म्हणतात.’’

‘‘अहो, सोमवारी अक्कांची तारीख आहे. सोमवारी ते एक वाक्य बोला, मंगळवारी द्या ना राजीनामा. मंगळवारी कलेक्टर कचेरी उघडी नसते का?’’

‘‘जे सरकार अस्तित्वातच नाही, त्याच्या वतीने मी कबुली देऊ? कोकिळा, याला औचित्य म्हणतात.’’

‘‘तुमच्या औचित्याला बहीण नाही का?’’

पोळी करपली. भाऊसाहेबांनी ती नाकबूल न करता खाल्ली.

एक गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही. नवीन सरकार येईल, नवीन महाधिवक्ता शोधेल, आणि त्या वेळी कोणीतरी म्हणेल, की धुळ्याला एक माणूस आहे, त्याने कोणी न मागता राजीनामा दिला. सांगायची गरजही नव्हती. नवा काळा कोट शिवायला टाकलेला कोकिळाबाईंना दिसला होता.

राजीनामा दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. धुळ्याच्या कचेरीत इतक्या चपळाईने हललेला तो पहिलाच कागद असावा. कारभार सहायक सरकारी वकील पुनम यांच्याकडे गेला. पुनम ही भाऊसाहेबांची ज्युनिअर, त्यांनीच घडवलेली. शनिवारी ती फायलींचा गठ्ठा घेऊन घरी आली.

‘‘सर, सोमवारी त्या धरणाच्या प्रकरणात युक्तिवाद आहे. तुमचा काय विचार होता?’’

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक वाक्य. पुनमने त्यांचं ऐकलं असतं. ती त्यांच्या पाया पडून वकिलीला लागली होती. वाक्य जिभेवर तयार होतं, जोरासकट.

‘‘मी आता पदावर नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पदावर नसताना मत देणं औचित्याला धरून नाही. तू खात्याच्या सूचना पाहा.’’

‘‘खात्याच्या सूचना नाहीत, सर. फायलीत तुमची जुनी कैफियतच आहे. मजकूर खोटा व नाकबूल.’’

‘‘मग आपण काय शिकलोय?’’

पुनम हुशार विद्यार्थिनीसारखी म्हणाली, ‘‘आपल्याला आवाज आहे, मत नाही.’’

‘‘बस,’’ भाऊसाहेब म्हणाले. आतून एक पातेलं खाली पडलं, किंवा पाडलं.

सोमवारी अक्का पहिल्या एसटीने आली. तिने नवी साडी नेसली होती आणि पिशवीत सांजोऱ्यांचा डबा होता. निकाल लागला की वाटायला. न्यायालयात ती पुढच्या बाकावर बसली. भाऊसाहेब मागच्या बाकावर, हात रिकामे. पुकारा झाला. जितेंद्र उठला, चार वाक्यं बोलला आणि मोठ्या विश्वासाने बसला.

पुनम उठली. ‘‘शासनाचा दाव्याला विरोध आहे.’’

जितेंद्रने मागे वळून पाहिलं. अक्काने पाहिलं नाही. तिला वाटलं, ही कोणी दुसऱ्या केसची बाई असेल.

पुनम पुढे बोलत राहिली. वादी घटनास्थळी हजर नव्हती. मयत प्यायलेला नव्हता, हे तिचं ऐकीव म्हणणं आहे. सोबत असलेला इसम उपलब्ध असताना वादीने त्याला तपासलेलं नाही. तपासलं असतं तर तो वादीच्या विरुद्ध बोलला असता, असाच निष्कर्ष काढावा लागेल. शिवाय मयताच्या कुटुंबाला मद्यपानाची पार्श्वभूमी आहे. युक्तिवाद नेटका होता. वाक्यं आखूड, आवाज स्वच्छ, कुठेही अडखळणं नाही. भाऊसाहेबांच्या हाताखाली तयार झालेल्यांत इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

‘कुटुंबाला पार्श्वभूमी’ हे शब्द आले तेव्हा अक्काला कळलं, की ही आपलीच केस आहे. ती मागे वळली. बाकांच्या रांगांवरून तिने भावाकडे पाहिलं, आणि हाताने खूण केली: उठ. लहानपणी तो शाळेला उशिरा उठायचा तेव्हा करायची, तशीच, पंजा खालून वर.

भाऊसाहेबांनी कोटाचं बटण चाचपलं. ते उठले नाहीत. पदावर नसलेल्या माणसाने चालू युक्तिवादात उठणं हा न्यायालयाचा अवमान होऊ शकतो. आणि अवमानाच्या कारवाईला संमती देण्याचा अधिकार पुन्हा महाधिवक्त्याचाच असतो. हे त्यांना त्याही क्षणी आठवत होतं.

बाहेर व्हरांड्यात अक्का खांबाला टेकून उभी होती.

‘‘ज्ञाना, तू काबर उठना नही?’’

‘‘अक्का, असं आहे,’’ भाऊसाहेब शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘की सरकार पडलं. आणि कंपनीच्या काळापासून अशी परंपरा आहे—’’

त्यांनी सगळं सांगितलं. बोट, राणी, पस्तीसचा कायदा, मर्जी, प्रघात. त्यांचा इतिहास शेवटपर्यंत ऐकून घेणारं आयुष्यातलं ते पहिलंच माणूस.  संपल्यावर तिने विचारलं:

‘‘म्हंजे तुना शब्द सरकारना व्हता?’’

‘‘पदाचा होता, अक्का.’’

‘‘सरकार गयं, मंग तुना शब्द बी गया?’’

भाऊसाहेब यासाठी कलम आठवू लागले. अक्काने सांजोऱ्यांचा डबा पिशवीत खाली सारला, वरून रुमाल नीट केला, आणि रिक्षा न करता बसस्थानकाकडे चालू लागली.

निकालाआधी जितेंद्रने धडपड केली. हिलालला गाठलं, साक्षीसाठी न्यायालयाला पुन्हा विनंती करू म्हणाला. हिलाल त्याच्याशी शेताच्या बांधावर उभ्या उभ्याच बोलला.

‘‘कुंदन मना भाऊसारखा व्हता,’’ तो म्हणाला. ‘‘तधळ बोलावतास त’ मी येतू. आते माले कायम करी दिधं.’’ आणि कायम झालेला माणूस जसा चालतो तसा, जरा सावकाश, तो पंपाकडे निघून गेला.

दावा फेटाळला गेला. निकालपत्रात ते वाक्य अवतरणचिन्हांत आलं. आधी ते एका खात्याच्या अहवालात होतं. आता ते न्यायालयाच्या अभिलेखात कायम झालं, हिलालसारखंच. वर अपील करायचं का, असं जितेंद्रने विचारलं, तेव्हा अक्का म्हणाली, ‘‘वर कोन बसेल शे? आखो कोनी तरी भाऊच ना?’’

नवीन सरकार आलं. मुंबईहून बोलावणं आलं नाही. भाऊसाहेब रोज नवा कोट घालून वकील कक्षात जात, पंख्याखाली बसत. त्यांना आता ‘महाधिवक्ते’ कोणी म्हणत नव्हतं. थट्टा बंद झालेली पाहून त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या आखाजीला ते टोपी घालून अक्काला आणायला गेले.

अक्काच्या घरात दोन घागरी पुजलेल्या होत्या. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. वर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. इतर घरांत त्या शेजारी शेजारी मांडतात. अक्काने नवऱ्याची घागर दाराजवळ मांडली होती आणि कुंदनची पलीकडच्या भिंतीला, देवळीखाली. सरकारने ज्यांना एका रांगेत बसवलं होतं, त्यांना तिने आपल्या घरापुरतं तरी वेगळं बसवलं होतं.

भाऊ दारात दिसल्यावर तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग आतून खुर्ची आणली. या घरात भाऊसाहेब नेहमी घोंगडीवर बसत. खुर्ची तलाठी आला की निघायची.

‘‘या, बसा वकीलसाहेब.’’

तिने तांब्या-भांडं आणलं, पाणी दिलं, आणि दूर, घागरीजवळ बसली.

‘‘अक्का,’’ भाऊसाहेब म्हणाले. घसा खाकरून ते तिच्या बोलीत बोलायला लागले. ‘मी शे ना’च्या पलीकडे कित्येक वर्षांत बोलले नव्हते, त्यामुळे शब्द शोधावे लागत होते. ‘‘अक्का, चाल ना घर. झोका बांधेल शे. कोकिळा वाट देखी राह्यनी.’’

अक्का कोर्टाच्या मराठीत बोलली. इतक्या तारखांना बाकावर बसून ती तिने उचलली होती.

‘‘आपण एवढ्या लांब येण्याचा त्रास घेतला. पण माझं येणं होणार नाही.’’

‘‘मन्हं चुकनं, अक्का. तू माले शिव्या दे. पन चाल.’’

‘‘नाही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आपल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा कशालाच विरोध नाही.’’

भाऊसाहेबांनी आरशासमोर इतके दिवस घोटलेलं ते वाक्य होतं. तिने कशावरच जोर दिला नव्हता.

 निघताना तिने सांजोऱ्यांचा डबा हातात दिला. मुऱ्हाळ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. परतीच्या वाटेवर शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी डबा तिथे ठेवला, आणि महामार्गाला लागल्यावर एक हात त्याच्यावर धरून गाडी चालवली. घरी आल्यावर डबा त्यांनी स्वतः मोरीत बसून धुतला. कोकिळाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. डबा धुऊन झाल्यावरही ते धूतच होते. अंगणात झोका होता. तो संध्याकाळी शेजारच्या पोरींना देऊन टाकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धुळ्याच्या वकील संघाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन ठरलं. प्रमुख पाहुणे, राज्याचे महाधिवक्ता, मागच्या सरकारातलेच; त्यांनी राजीनामा दिला आणि नव्या सरकारने त्यांनाच पुन्हा नेमलं, असं भाऊसाहेब धरून चालले होते. व्याख्यानाचा विषय, ‘विधी अधिकाऱ्याची उज्ज्वल परंपरा’. विषयाचे जाणकार म्हणून भाऊसाहेबांकडे आभारप्रदर्शन देण्यात आलं. त्यांनी पाच पानं लिहिली. त्यात कंपनी होती, राणी होती, पस्तीसचा कायदा होता. शेवटचं पान त्या प्रघातावर होतं. ते त्यांनी दोनदा फाडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. दुसरं काही होतं कुठे त्यांच्याकडे? बहिणीला दिलेला शब्द ज्याच्यासाठी गेला, तो प्रघात तरी मोठा असायला हवा होता.

महाधिवक्ता चांगले बोलले. पहिलंच वाक्य होतं, की महाधिवक्ता हा राज्याचा विवेक असतो. मागच्या बाकांवरून दोन-तीन माना भाऊसाहेबांकडे वळल्या. त्यांनी आपली पानं पुन्हा एकदा क्रमाने लावली.

आभाराआधी चहा होता. भाऊसाहेब गर्दीतून वाट काढत पाहुण्यांपर्यंत पोचले. माणूस मोकळा होता, हातात केळीचे वेफर्स होते.

‘‘सर, मी इथला माजी जिल्हा सरकारी वकील. मागचं सरकार पडलं त्या दिवशीच मी राजीनामा दिला.’’

‘‘अरेरे. का हो? तब्येत?’’

‘‘नाही सर. प्रघात म्हणून. आपण दिलात तसा.’’

महाधिवक्त्यांनी एक वेफर तोंडात टाकला आणि आठवून पाहिलं.

‘‘मी? नाही हो, मी कुठे दिला? देऊ का म्हणून नव्या मुख्यमंत्र्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, कशाला, बऱ्याच तारखा लागल्यात, तुम्हीच चालू ठेवा.’’

 तेवढ्यात पुनम लगबगीने आली आणि पाहुण्यांना म्हणाली, की गाडी लागली आहे.

महाधिवक्त्यांना जळगावहून मुंबईचं विमान गाठायचं होतं. वेळ कमी असल्याने आभारप्रदर्शन रद्द करण्यात आलं.